प्रतिकृती घडवणाऱ्या हातांची आणि डोळ्यांची काळजी

एप्रिल जवळ आला की गडहिंग्लज आणि आसपासच्या गावांतील विहारांत, समाजमंदिरांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. चित्ररथावर बसवायची चैत्यभूमी, दीक्षाभूमी, सांचीचा स्तूप, भीमा कोरेगावचा स्तंभ. कुणी प्लायवूड कापत असतो, कुणी लांबी भरत असतो, कुणी बारीक ब्रशने खिडक्या रंगवत असतो. दिवाळीत याच गल्लीतली पोरे दारात मातीचा सामानगड उभा करतात आणि आठवडी बाजारातून आणलेले मावळे त्याच्या बुरुजांवर मांडतात. बहुतेकांचा हा नाद दहावीपर्यंत टिकतो, नंतर सुटतो. काहींचा मात्र आयुष्यभर सुटत नाही. निवृत्त शिक्षक, एस.टी.तील मेकॅनिक, सुतारकाम करणारे, घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनी अशी माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. साठी उलटली तरी त्यांच्याकडे पुठ्ठा, रिकाम्या रिफिली, आगपेटीच्या काड्या आणि रंगाच्या डब्या यांची एक पेटी असतेच.

बाहेरच्या जगात या छंदाला मोठा मान आहे. विमाने, रणगाडे, जहाजे यांचे सुटे भाग खोक्यात मिळतात, ते जोडून रंगवणारे लोक युरोप-जपानात लाखोंनी आहेत. आपल्याकडचे ठळक उदाहरण पुण्याचे. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी छोट्या रेल्वेगाड्या, स्थानके, सिग्नल, पूल यांचे एक आख्खे शहर उभे केले. १९९८ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळते. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे. पण खोक्यातले सुटे भाग महाग असतात आणि आपल्या माणसाचे त्यावाचून अडत नाही. काड्यांची वेदिका आणि बांगडीचे छत्र करून सांची उभी करणारा कारागीर कमी दर्जाचा नाही.

हा छंद आरोग्याला चांगला आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे आणि त्यापुढच्या २५६ लोकांचा काही वर्षे मागोवा घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चित्रकला, शिल्पकाम असे काही मध्यम वयापासून करत आलेल्या लोकांत स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांनी कमी दिसले. शिवण, सुतारकाम, मातीकाम अशा हस्तकलांच्या बाबतीत ते ४५ टक्क्यांनी कमी होते. ज्यांचा मेंदू मुळात चांगला चालतो तेच लोक छंद टिकवू शकतात, असेही यामागे असू शकते. म्हणून या आकड्यांना औषधाच्या चिठ्ठीसारखे मानू नये. तरीही मोजमाप, नियोजन, हाताचे काम आणि चार माणसांत बसणे हे सगळे एकाच वेळी घडवणारी गोष्ट वृद्धापकाळात सहज सापडत नाही. नोकरी संपल्यावर संध्याकाळ खायला उठते आणि तिथूनच काहींचे पाय गुत्त्याकडे वळतात, हे आपण आपल्याच घरांत पाहिले आहे.

मग काळजी कसली? ज्यांनी हा छंद सोडला त्यांना कारण विचारले तर उत्तर एकच येते: ‘आता जमत नाही.’ दिसत नाही, हात थरथरतो, मान धरते, रंगाच्या वासाने डोके दुखते. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे, आणि काही गोष्टी वेगळ्याच आजाराची आगाऊ सूचना असतात. ‘वय झालं’ म्हणून पेटी माळ्यावर टाकली की ती सूचनाही माळ्यावर जाते.

आधी डोळ्यांचे पाहू. प्रतिकृती म्हणजे प्रमाण. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास ३६.६ मीटर आणि उंची सुमारे १६.५ मीटर. १:५० प्रमाणात तो ७३ सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटर उंच होतो. (प्रमाण सोडून नुसताच फुगवलेला घुमट केला तर त्याला प्रतिकृती म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.) त्याच्याशेजारी उभा केलेला साडेपाच फुटी उपासक ३.३ सेंटिमीटरचा आणि त्याचा चेहरा जेमतेम साडेचार मिलिमीटरचा. त्या चेहऱ्यावर डोळे काढायचे म्हणजे वस्तू नाकापासून वीत-सव्वा वीत अंतरावर धरावी लागते.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. हे सगळ्यांनाच होते. पण वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी काढलेला असतो आणि रंगकाम चालते २०-२५ सेंटिमीटरवर. म्हणजे चष्मा असूनही दिसत नाही, माणूस आणखी वाकतो, मान धरते आणि दोष वयाला जातो. डोळे तपासायला जाताना आपण काम किती अंतरावर करतो हे पट्टीने मोजून जावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. त्या अंतराचा वेगळा चष्मा निघतो. नाही तर डोक्याला बांधायचे भिंग मिळते. रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा तात्पुरता चालेल, पण त्यामुळे तपासणी टळते आणि काचबिंदूसारखा न दुखणारा आजार तसाच राहतो. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. तपासणीसाठी आधी तिथे विचारावे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. साखर वर-खाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. म्हणून साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नवा चष्मा करावा. आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून. नजर चांगली वाटत असली तरीही.

मोतीबिंदूची खूण रंगकाम करणाऱ्याला इतरांच्या आधी कळू शकते. भिंग पिवळसर-तपकिरी होत जाते, निळा रंग मळकट दिसतो, पांढरा आणि फिका पिवळा यांतला फरक पुसट होतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचे सांगण्यात आले. पुढच्या काही वर्षांतली त्यांची चित्रे तांबूस-तपकिरी झाली. १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना निळा पुन्हा दिसू लागला. तेव्हा घरातल्या पोराने ‘आबा, स्तूप पिवळा झालाय’ असे म्हटले तर त्याच्यावर डाफरू नये, डोळे दाखवावेत.

आता हात. ब्रश धरल्यावर, चहाचा कप उचलल्यावर हात थरथरतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, असा कंप पुष्कळांना असतो. तो घराण्यातही चालतो आणि त्यावर गोळ्या आहेत. याच्या उलट, हात नुसता ठेवलेला असताना एकाच बाजूचा थरथरतो, हालचाली मंदावल्या आहेत, अक्षर बारीक होत चालले आहे, असे दिसले तर पार्किन्सनची शंका घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. थायरॉईड वाढणे, दम्याची काही औषधे, साखर कमी होणे, रोज दारू पिणाऱ्याने अचानक सोडणे यांमुळेही हात कापतो. रोज बारीक रेष मारणाऱ्याला आपल्या हातातला बदल महिनोन्‌महिने आधी कळतो. तो डॉक्टरांना सांगितला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा रंगांचा. ब्रशला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्याची सवय आम्ही लहान मुलांत पाहतो, मुरलेल्या कलाकारांतही पाहतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील घड्याळांच्या कारखान्यांत तरुण कामगार मुली अंधारात चमकणारे आकडे रंगवत आणि त्यांना असाच ब्रश ओठांत धरायला शिकवले होते. त्या रंगात रेडियम होते. अनेकींचे जबडे सडले, कित्येक जणी मेल्या; पाच जणींनी कंपनीवर खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली. आपल्या डबीत रेडियम नाही, पण शिसे असू शकते.

पिवळा, नारिंगी आणि तांबडा हे रंग उठावदार करण्यासाठी शिशाची संयुगे पूर्वापार वापरली गेली. पंचशील ध्वजाच्या पाच रंगांपैकी तीन हेच, त्यामुळे आपल्याकडे त्यांचा वापरही भरपूर. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वदच्या वर असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. नवा डबा घेताना त्यावर हे प्रमाण छापले आहे का ते पाहावे. सुटा विकलेला, लेबल नसलेला किंवा गोदामात वर्षानुवर्षे पडलेला ऑइलपेंट मुलांच्या कामाला घेऊ नये. कारखान्यांत, यंत्रांवर वापरायचे रंग या नियमात येत नाहीत, म्हणून वर्कशॉपमधून उरलेला डबा फुकट मिळाला तरी नको.

जुन्या लाकडाचेही तसेच. मोडक्या दाराची फळी, जुन्या खिडकीची चौकट आपण प्रतिकृतीसाठी वापरतो आणि कोरडा काचपेपर मारतो. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या ऑइलपेंटची ती धूळ म्हणजे शिशाची धूळ असू शकते. ती जमिनीवर बसते, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची बुद्धी आणि लक्ष यांवर परिणाम होतो, रक्त कमी होते. मोठ्यांत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. गरोदर बाईच्या रक्तातले शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोचते. आपल्या पोरांच्या शिक्षणासाठी आपण पोटाला चिमटा घेतो आणि त्याच पोराच्या मेंदूला शिसे चारतो, हे चालणार नाही. जुना रंग काढायचाच असेल तर पाणी लावून, वॉटर पेपरने, घराबाहेर. नंतर फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शंका असेल तर रक्तातील शिशाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात शिसे जास्त शोषले जाते, म्हणून नाचणीची भाकरी, पालेभाजी, दूध, अंडी मुलांच्या ताटात असावीत. मात्र खाण्याने आत गेलेले शिसे निघून जात नाही.

लहान मुलांना पाण्यात कालवायचे पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक द्यावेत. ब्रशचे टोक ओल्या फडक्यावर फिरवले तरी येते.

जयंतीच्या आदल्या रात्री चित्र वेगळे असते. वेळ कमी, काम जास्त, म्हणून स्प्रे मशीन आणि थिनर. धूळ येऊ नये, रंग खराब होऊ नये म्हणून दारे-खिडक्या बंद. थिनरमध्ये टोल्युईनसारखी द्रव्ये असतात. डोके जड होणे, चक्कर, मळमळ ही त्यांचीच लक्षणे. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. थकलेली पोरे तिथेच सतरंजी टाकून झोपतात. हे थांबवा. स्प्रे मंडपाबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून मारावा. विडी, सिगारेट, वेल्डिंग त्याच्या आसपास नको. कोविडच्या काळातला कापडी किंवा एन-९५ मास्क धुळीला उपयोगी आहे, थिनरच्या वाफेला नाही. तिला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. आणि थिनरची बाटली कुलपात असू द्या. ती हुंगण्याचे व्यसन पोरांना लागते, त्यातून हृदय अचानक बंद पडू शकते.

सजावटीसाठी थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. उरलेसुरले तुकडे गरम तारेने कापणेही टाळावे, तो धूर घातक असतो. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना चांगलेच तापते. इंग्लंडमधील एका शाळेत २००७ मध्ये एका मुलीने हाताचा साचा घेण्यासाठी प्लास्टरच्या भांड्यात हात बुडवला आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. झटपट चिकटणारा गोंद सुती कापडावर सांडला तर तेही तापून चटका बसतो. सांडला तर सुती फडक्याने पुसू नये.

बसण्याविषयी थोडेसे. जमिनीवर मांडी घालून काम करायला हरकत नाही, पण वस्तू चौरंगावर ठेवून छातीच्या उंचीला आणावी आणि कोपरांना आधार द्यावा. दिवे दोन असावेत, म्हणजे हाताची सावली पडत नाही. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचे झाड पाहावे.

उरलेला थिनर गटारात ओतला की तो हिरण्यकेशीत जातो. तो झाकणाच्या बाटलीत भरून दोन दिवस ठेवला की रंग तळाशी बसतो आणि वरचा निवळ थिनर ब्रश धुवायला पुन्हा चालतो. तळाचा गाळ उघड्यावर वाळवून कागदात गुंडाळावा आणि घंटागाडीत देताना वेगळा द्यावा.