पक्षी मोजले, पाण्याचे काय?

पाणथळ आणि पाखरे : लेखांक 4

गेल्या आठवड्यात आपण बदकांच्या स्थलांतराचे मार्ग पाहिले. इतक्या लांबून आलेली ही पाखरे ज्या पाण्यावर उतरतात, त्याची प्रकृती कशी ओळखायची, ते आज नांदूरमध्यमेश्वरच्या निमित्ताने पाहू.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बांधला गेला. मागे गाळ साचत गेला. पाणीसाठा घटला, पण त्याच गाळाने उथळ पाणी, चिखलाची बेटे आणि पाणकणसाची रानेही घडवली. 1986 मध्ये हे अभयारण्य झाले आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

इथे सर्वांत आधी मोजायची ती पाण्याची खोली. तलवार बदक आणि थापट्या बुडी न मारता चरतात. त्यांना फूटभर किंवा त्याहून कमी पाणी लागते. शेकाट्याला त्याहूनही उथळ पाणी हवे. वारकरी मात्र बुडी मारू शकतो. त्यामुळे वरच्या धरणांतून आवर्तन सुटले आणि पातळी अचानक दोन फुटांनी चढली, तर जलाशय भरलेला दिसतो, पण बदकांचे चराऊ क्षेत्र बुडालेले असते. हिवाळ्यात पातळी हळूहळू उतरवली, तर रोज थोडा नवा चिखल आणि त्यातले किडे-बिया पाखरांना मिळतात.

दुसरी खूण जलपर्णी. ती वाढते सांडपाण्यातल्या आणि शेतातून वाहून आलेल्या खतांतल्या नत्र-स्फुरदावर. ती बी धरण्यापूर्वी काढावी आणि काठावर न टाकता दूर न्यावी. नाहीतर कुजून तेच पोषण पाण्यात परतते. पावसाळ्यात पाणवनस्पतींत कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबडीची घरटी असतात, तेव्हा सरसकट सफाई नको.

तिसरा विरघळलेला प्राणवायू. तो पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून मोजणीही पहाटेच हवी. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांची घुसमट सुरू होते. प्राणवायू नसलेल्या गाळात बोटुलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. 2019 मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर या विषाने हजारो पक्षी मेले. मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्यांत विष साठते आणि त्या खाणारे पक्षीही मरतात. म्हणून मृत पक्षी तातडीने उचलणे हाच पहिला उपाय.

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. ती मोलाची आहेच, पण नुसता आकडा फसवू शकतो. दुष्काळात आसपासची तळी आटली की उरलेल्या पाण्यावर गर्दी वाढते. ती सुबत्तेची खूण नसते. म्हणून वन आणि जलसंपदा या दोन्ही खात्यांना आग्रहाची विनंती : पक्ष्यांच्या आकड्यांसोबत त्या दिवसाची पातळी आणि प्राणवायूही जाहीर करा. आणि गणनेला जाणाऱ्या वाचकांनो, कोणता पक्षी किती खोल पाण्यात चरत होता, तेही वहीत लिहा.