ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील : गळती ओळखायची कशी, सील बदलायचं कसं

मागच्या व्याख्यानात आपण क्लच पाहिला. तेव्हा जाता जाता कुणीतरी विचारलं होतं, "गाडीखाली तेलाचा डाग पडतो. मेकॅनिक म्हणतो, एक्सलचं सील गेलंय. म्हणजे नेमकं काय गेलं?" आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे विषयाचं गांभीर्य कळेल. वाईहून पसरणी घाट चढून रोज पाचगणीला नोकरीला जाणारे एक शिक्षक आमच्याकडे गाडी घेऊन आले. डाव्या बाजूचं सील दुसरीकडे एकदा बदलून झालं होतं, तरी गळत होतं. आम्हीही सील बदललं. तीन आठवड्यांत गाडी परत दारात. आम्ही नेमकं काय पाहायचं विसरलो होतो, ते पुढे येईलच. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की सील बदलणं आणि गळती थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सील कुठे असतं, काय करतं

अॅम्बेसेडर किंवा पद्मिनी आठवा. इंजिन पुढे, मग लांब शाफ्ट, आणि ओढणारी चाकं मागे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी घरोघरी पोचली. अशा गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. तिथून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन ड्राइव्ह शाफ्ट निघतात आणि चाकांना फिरवतात. गॅरेजात त्यांनाच सरसकट एक्सल म्हणतात.

शाफ्टचं आतलं टोक दात्यांचं असतं. ते गिअरबॉक्सच्या भोकात शिरतं आणि एका छोट्या सर्क्लिपनं आत अडकून राहतं. आता अडचण बघा. आत तेल आहे, बाहेर रस्ता आहे, आणि मधल्या भोकातून एक शाफ्ट सतत फिरतोय. छोट्या गाडीचं चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटाला साधारण ६०० फेरे घेतं, तेवढेच हा शाफ्ट घेतो. फिरू तर द्यायचं, पण तेल बाहेर येऊ द्यायचं नाही. हे काम सील करतं.

सील म्हणजे पत्र्याची कडी, तिच्यावर रबर, आणि त्या रबराचा आत वळलेला बारीक ओठ. ओठाच्या मागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग असते, ती ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरते. बाहेरच्या बाजूला धुळीसाठी आणखी एक छोटा ओठ असतो. पूर्वी हे काम चामडं करत असे. जर्मनीत वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्ग कंपनीनं १९२९ च्या सुमारास अशी सीलं बाजारात आणली, आणि ती मुळात चामडं कमावणारी कंपनी. कृत्रिम रबर त्यानंतरच्या दशकात आलं.

लोकांना वाटतं, रबर घट्ट दाबून बसलंय म्हणून तेल थांबतं. तसं नाही. घट्ट दाबून कोरडं घासलं तर रबर थोड्याच वेळात जळून जाईल. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ओठाचा तेलाकडचा उतार उभा असतो आणि हवेकडचा पसरट. या फरकामुळे शाफ्ट फिरताना ओठाखाली आलेलं तेल परत आत ढकललं जातं. म्हणजे सील हे बूच कमी आणि चिमुकला पंप जास्त आहे. म्हणूनच उलटं बसवलं तर ते इमानदारीनं तेल बाहेर पंप करतं.

एका थेंबानं काय होतं?

हिशेब करू. गाडी चालताना मिनिटाला एकच थेंब पडतोय असं धरा. वीस थेंबांचा ढोबळमानानं एक मिलिलिटर. तासाला ६० थेंब, म्हणजे ३ मिलिलिटर. रोज एक तास गाडी चालली तर महिन्याला ९० मिलिलिटर आणि वर्षाला एक लिटरहून थोडं जास्त. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं दोन ते अडीच लिटर. म्हणजे वर्षभरात जवळजवळ निम्मं तेल गेलं.

इंजिनचं तेल कमी झालं तर निदान दाबाचा लाल दिवा आहे. साध्या गिअरबॉक्सला असा दिवा नसतो, आणि बहुतेक गाड्यांत मोजायची पट्टीही नसते. पहिली सूचना मिळते ती आवाजाची, आणि आवाज येतो तेव्हा बेअरिंग खराब झालेलं असतं. सील काही शे रुपयांचं, गिअरबॉक्स उघडायचा खर्च हजारांत.

आधी निदान, मग पाना

गाडीखालचा प्रत्येक डाग सीलचा नसतो. पहिली पायरी : रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि कुठल्या चाकाच्या बाजूला डाग पडतो ते सकाळी बघा. मग डागाला बोट लावा, वास घ्या.

पाणी असेल तर तो एसीचा निचरा, सोडून द्या. काळं, पातळसर असेल तर बहुतेक इंजिन ऑइल. घट्टसर आणि गंधकाचा उग्र वास, तर गिअर ऑइल. हा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. लाल रंग असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल. पाण्यासारखं पातळ, पिवळसर आणि चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेक ऑइल. तसं असेल तर गाडी तिथेच उभी ठेवा. आणि चाकाच्या आत, आजूबाजूला काळ्या घट्ट ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले असतील, तर सील नव्हे, शाफ्टवरचा रबरी बूट फाटलाय.

दुसरी पायरी : तेल कुठून निघतंय ते शोधा. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे आणि खाली पसरवतो. त्यामुळे सगळ्यात ओली जागा नव्हे, सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा बघायची. सगळा भाग डिग्रीझरनं धुवा, वाळवा, वर थोडी टाल्कम पावडर उडवा आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा. पावडरवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथेच कडं ओलं असेल तर सील. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याच्या तळातून थेंब येत असेल, तर गळती क्रँकच्या मागच्या सीलची किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलची. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम निराळं.

तिसरी पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते : सील का गेलं? वय झालं, उष्णतेनं रबर कडक झालं, हे नेहमीचं कारण. पण आणखी चार कारणं तपासायची. शाफ्टवर ओठाच्या जागी खाच पडलीय का? शाफ्टचं आतलं टोक हातानं वर-खाली हलवलं तर अवाजवी खेळ आहे का? तेल जास्त भरलंय का? आणि ब्रीदर मोकळा आहे का?

आम्ही चुकलो ते इथे. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जायला-यायला एक छोटी नळी किंवा टोपी असते, तोच ब्रीदर. तेल ३० अंशांवरून ९० अंशांवर तापलं की आतली हवा फुगते. वाट बंद असेल तर आतला दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. हे सील दाब अडवायला केलेलंच नसतं. घाट चढताना गिअरबॉक्स तापायचा, दाब ओठाखालून तेल ढकलायचा. त्या गाडीचा ब्रीदर चिखलानं गच्च बुजला होता. एका तारेनं आणि हवेच्या फवाऱ्यानं काम झालं. पण मधल्या काळात तेल कमी पडून बेअरिंग गुणगुणायला लागलं होतं, आणि तो भुर्दंड गुरुजींना बसला. आमच्या चुकीची मजुरी आम्ही घेतली नाही, पण बेअरिंग काही परत आलं नाही. तेव्हापासून नवीन सील हातात घेण्याआधी ब्रीदर बघायचा, हा आमच्याकडे नियम आहे.

बदलण्याचं काम

गाडीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून तुमच्या गाडीचं मॅन्युअल समोर ठेवा. क्रम साधारण असा.

चाक जमिनीवर असतानाच हबचा मधला नट सैल करा. तो फार घट्ट असतो. उचललेल्या गाडीवर त्याच्याशी झटापट करू नका. मग गाडी उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, जायचं नाही.

तेल काढण्याआधी भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा. आधी तेल काढलं आणि मग भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागच्या जागी अडकते. तो उघडला की खालचा उघडून तेल भांड्यात घ्या.

खालचा बॉल जॉइंट सोडवा, नकल बाहेर ओढा आणि हबमधून शाफ्ट मोकळा करा. ब्रेकच्या होजवर वजन येऊ देऊ नका, एबीएसची वायर असेल तर ती सांभाळा. आतलं टोक काढताना शाफ्टला धरून ओढायचं नाही. ओढलं तर आतला जॉइंट बुटातच सुटतो. जॉइंटच्या कवचामागे छोटी पहार घालून हलका झटका द्या, सर्क्लिप सुटते. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम काढले तर आतले गिअर सरकतात, म्हणून एका वेळी एकच बाजू.

जुनं सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय ते मोजून ठेवा. काढताना त्याच्या घराला ओरखडा पडता कामा नये. तो ओरखडा म्हणजे पुढची गळती. घर फडक्यानं स्वच्छ पुसा. आता शाफ्टची चकचकीत जागा बघा आणि नख फिरवा. नख अडकलं तर खाच आहे, नवीन सील तिथे फार टिकणार नाही. मग रिपेअर स्लीव्ह मिळते का बघायचं, नाहीतर जॉइंट बदलायचा.

नवं सील जुन्याशेजारी ठेवून ताडून बघा. सीलवर आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. काही सीलांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. अशा वेळी डाव्या-उजव्याची अदलाबदल चालत नाही. ओठाला गिअर ऑइल लावा, दोन ओठांमधल्या जागेत थोडं ग्रीस भरा. कोरडं सील पहिल्याच फेऱ्यांत भाजतं. बाहेरच्या व्यासाच्या मापाची मोठी गोटी किंवा पाइपचा तुकडा ठेवून हातोडीनं चहूबाजूंनी सारखं ठोका, मोजलेल्या खोलीपर्यंत. तिरकं बसलं तर काढा आणि नवं घ्या.

शाफ्ट परत घालताना दाते ओठावर घासू देऊ नका. कितीतरी नवी सीलं याच क्षणी फाटतात. शाफ्ट खालून हातानं तोलून सरळ आत न्या. सर्क्लिप नवी घाला, बसली की 'टक्' असा आवाज येतो. जॉइंटचं कवच धरून ओढून खात्री करा. बॉल जॉइंटला नवी स्प्लिट पिन, ड्रेन बोल्टला नवा वॉशर, हबला नवा नट, आणि तो मॅन्युअलमधल्या टॉर्कला चाक जमिनीवर टेकल्यावर घट्ट करायचा.

शेवटी तेल. गाडी सपाट जमिनीवर समपातळीत हवी. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं की बस्स. काढलेलं तेल गटारात ओतू नका. जुनं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा वाकून बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : बाजारात गळती थांबवणारं औषध मिळतं, तेलात टाकायचं. ते चालेल का?

उत्तर : ते रबर मऊ करून थोडं फुगवतं. नुसतं कडक झालेलं सील काही दिवस आटोक्यात राहील. खाच, फाटलेला ओठ किंवा बुजलेला ब्रीदर यांच्यावर त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : तेल 'भारी'तलं टाकलं तर?

उत्तर : भारी म्हणजे योग्य नव्हे. मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल तर जीएल-५ घालू नका. त्यातली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना सोसत नाहीत.

प्रश्न : आम्ही स्वतः काम करणार नाही. मेकॅनिकला काय विचारायचं?

उत्तर : तीनच गोष्टी. ब्रीदर बघितला का, शाफ्टवर खाच आहे का, आणि तेल किती निघालं? तिसरा प्रश्न मोलाचा आहे. अडीच लिटरच्या जागी एकच लिटर निघालं असेल, तर सील बदलून विषय संपत नाही. गिअरबॉक्सचा आवाजही त्याच दिवशी ऐकून घ्या.

इथे थांबतो. पुढच्या वेळी शाफ्टवरच्या त्या रबरी बुटाबद्दल बोलू. तोवर आज रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा.