शेततळ्यातील कोळंबी आणि पाण्याचा सामू



'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली आणि संत्रा बागायतदारांच्या शेतात पाणी साठू लागले. या पाण्यात मासळीबरोबर गोड्या पाण्यातील कोळंबी, म्हणजे आपल्याकडचा झिंगा, घेता येतो. परंतु माशाला मानवलेले पाणी झिंग्याला मानवेलच असे नाही. बीज व खाद्य उत्तम असूनही झिंगा मरतो, तेव्हा आधी पाण्याकडे पाहावे.

कवच आणि सामू

झिंग्याला हाडे नसतात, अंगावर कवच असते. वाढताना तो जुने कवच टाकतो. नवे कवच टणक होण्यासाठी लागणारे कॅल्शियम तो पाण्यातून व खाद्यातून घेतो. आम्ल पाण्यात कवच मऊ राहते आणि अशा झिंग्याला इतर झिंगे खाऊन टाकतात. ७ ते ८.५ सामू त्याला मानवतो. सामू ६.५ च्या खाली गेल्यास वाढ खुंटते. ९ च्या वर गेल्यास पाण्यातील अमोनिया अधिक विषारी होतो. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे ध्यानात ठेवावे.

आपली जमीन, आपले पाणी

काटोल, नरखेडकडील काळ्या जमिनीत चुनखडी असल्याने तेथील मातीच्या तळ्यातील पाणी सहसा विम्ल असते. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया भागातील तांबड्या-पिवळ्या जमिनीत ते काही ठिकाणी आम्लधर्मी आढळते. प्लास्टिकचे अस्तर असल्यास मात्र मातीचा पाण्याशी संबंधच राहत नाही. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते व त्यात चुन्याचे क्षार जवळजवळ नसतात. हेच क्षार सामू स्थिर ठेवतात. दिवसा शेवाळ कर्बवायू शोषते, म्हणून सामू चढतो. रात्री कर्बवायू साठून तो उतरतो. क्षार कमी असलेल्या तळ्यात ही चढउतार तीव्र होते व झिंग्याला सोसत नाही.

काय करावे?

१. बीज आणण्यापूर्वी पाण्याचा सामू, कठीणपणा व क्षार तपासून घ्यावेत.

२. सामू पहाटे व दुपारी, असा दोन वेळा मोजावा. एकाच वेळच्या मोजणीने फसगत होते.

३. पाणी आम्ल असल्यास परीक्षणानुसार चुनखडीची भुकटी द्यावी. झिंगा सोडलेल्या तळ्यात कळीचा चुना एकदम टाकू नये. सामू झपाट्याने चढतो.

४. बीजाची पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळावे आणि मगच बीज सोडावे.

५. झिंगा हा किडींच्या गोत्यातला जीव आहे. कीटकनाशकाचा अंश त्याला मारक ठरतो. बोर्डो मिश्रणातील तांबेही घातक असून मऊ, आम्ल पाण्यात त्याचा अपाय वाढतो. फवारणीचे पंप तळ्यात धुऊ नयेत आणि बागेतील पाणी तळ्यात उतरू देऊ नये.

पाणी योग्य नसल्यास झिंग्याचा आग्रह सोडून कटला, रोहू यांसारखे मासे घ्यावेत. नागपूर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयात याबाबत मार्गदर्शन घ्यावे. झिंगा मेल्यानंतर केलेल्या परीक्षणाने कारण कळेल, पण बीजाचे पैसे परत येणार नाहीत. म्हणून आधी पाणी तपासा, मगच बीज आणा.