घरचा संगणक आणि चिरंजीव

नगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण सावेडीतल्या बिऱ्हाडांतला तंटा जुनाच आहे. संगणक घरात एक आणि धनी चार! वडिलांचे बँकेचे कागद, आईची छायाचित्रे आणि चिरंजीवांचे खेळ एकाच कपाटात नांदतात. फुकट म्हणून उतरवून घेतलेला एखादा खेळ चोरालाही घरात आणतो. मग कागद कुणाचे, हे तो चोर थोडाच पाहतो?

कुलूप हा सोपा उपाय खरा; पण कुलपाने मुले लपवायला शिकतात. त्यापेक्षा मुलांचे साधे खाते वेगळे काढून द्यावे. मग नवे काही बसवायचे झाले की बहुधा संगणकच मोठ्यांचा परवलीचा शब्द मागतो. तेव्हा मुलाला जवळ बसवून ‘हे कुठून आणलेस, बाळ?’ असे विचारावे. रविवारी ‘डाउनलोड’चा कप्पा दोघांनी मिळून झाडावा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि दीड तास थोरामोठ्यांनीही मोबाइल, दूरचित्रवाणी बंद ठेवली. मर्म येथेच आहे. नियम थोरांनाही लागू असला, तर मुलांना तो शिक्षा वाटत नाही!