ऊसतोडणीचे मनुष्यबळ आणि सहकारी साखर कारखाना

कोणतीही संस्था इमारत, यंत्रे व भांडवल यांच्या जोरावर उभी राहते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु ती चालते माणसांच्या बळावर. योग्य माणसे निवडणे, त्यांना कामाचे शिक्षण देणे, मेहनताना वेळेवर चुकता करणे, आरोग्य व सुरक्षितता सांभाळणे आणि तक्रारींची दाद घेणे, या पाच गोष्टी मिळून मनुष्यबळ व्यवस्थापन होते. शहरातील गिरणीला ते जितके आवश्यक, तितकेच शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्यालाही आवश्यक होय.

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर अशा कारखान्यांनी महाराष्ट्रातील ग्रामीण भागाचे रूप पालटले. मात्र या कारखान्यांना माणसांचे दोन वर्ग लागतात. बॉयलर, गाळप, प्रयोगशाळा व कचेरी येथील माणसांची नावे हजेरीपटावर असतात. त्यांचे वेतन, रजा व भविष्यनिर्वाह निधी ठरलेला असतो. दुसरा वर्ग ऊस तोडणाऱ्यांचा. त्याच्यावाचून गव्हाणीत एक मोळीही पडत नाही. पण त्याचे नाव हजेरीपटावर नसते.

मुकादमाची पद्धत

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इत्यादी जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन निघतात आणि पट्टा पडेपर्यंत कारखान्याच्या परिसरात कोप्या घालून राहतात. करार सामान्यतः कारखाना किंवा त्याची तोडणी-वाहतूक संस्था आणि वाहतूकदार अथवा मुकादम यांच्यात होतो. मुकादम टोळी जमवितो व प्रत्येक जोडप्यास हंगामापूर्वीच उचल देतो. पतिपत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो. मजुरी टनावर असते व ती उचलीतून वळती होते. आजारपणामुळे काम बुडाले तर खाडा धरला जातो. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षावर जाते.

या पद्धतीत निवड, मेहनताना व तक्रार ही तिन्ही कामे मुकादमाच्या हाती जातात. खाड्याच्या भीतीने स्त्रिया दुखणे अंगावर काढतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार असल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दुसऱ्या बाजूस, उचल घेऊन टोळी आलीच नाही, म्हणून कर्जात बुडालेले वाहतूकदारही गावोगाव आढळतात. अर्थात या पद्धतीत सुरक्षित असा कोणीच नाही.

शेतकऱ्याचे हित कोठे आहे?

'हा कारखान्याचा प्रश्न, आपला नव्हे' असे सभासदाने म्हणू नये. तोडणी व वाहतुकीचा खर्च त्याच्याच उसाच्या दरातून वजा होतो. शिवाय उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर सर्वांत अधिक असते. ऊस जमिनीलगत तोडला तर उतारा वाढतो व खोडव्याचे फुटवे जोमदार येतात. वरून तोडल्यास दोन्हींचे नुकसान होते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. फडात वाळत पडला तर वजन व साखर दोन्ही घटतात. मजूर पुरेसे नसले, की तोडणीचा क्रम लागवडीच्या तारखेप्रमाणे न राहता वशिल्याप्रमाणे लागतो आणि 'खुशाली'च्या नावाखाली पैसे मागितले जातात. सारांश, थकलेल्या व कर्जात अडकलेल्या मजुराकडून काळजीपूर्वक तोडणीची अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

काय करता येईल?

१. प्रत्येक मजुराची, पती व पत्नी यांची स्वतंत्र, नोंद कारखान्याच्या शेतकी विभागात असावी व त्यांना ओळखपत्र द्यावे.

२. उचल, तोडलेले टनेज व वळती यांचा हिशेब दर पंधरवड्यास मजुराच्या वहीत लिहून द्यावा. मजुरी शक्यतो ज्याची त्याच्या बँक खात्यात जमा करावी.

३. हंगामाच्या आरंभी जमिनीलगत तोडणी, पाचट न जाळता सरीत पसरणे आणि कोयत्याच्या जखमेवरील प्रथमोपचार यांची प्रात्यक्षिके फडातच दाखवावीत.

४. कोप्यांच्या तळावर पिण्याचे पाणी, दिवा, शौचालय व ठरलेल्या दिवशी आरोग्य तपासणी यांची सोय असावी. बाळंतपणाच्या काळात खाडा धरू नये.

५. तक्रार ऐकण्यासाठी मुकादम वा चिटबॉय यांखेरीज दुसरा अधिकारी नेमावा आणि त्याचे नाव तळावर लिहून ठेवावे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम दोन्ही टोकांना आहे. मजुरांच्या गावी स्थलांतरापूर्वी कुटुंबांची यादी करावी आणि शाळेकडून मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळवून द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना प्रवेश घेणे सुलभ होते. मुलांना गावाकडेच ठेवावयाचे असल्यास संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची माहिती द्यावी. कारखान्याच्या गावी गरोदर स्त्रिया व बालके यांची नोंद अंगणवाडीत करावी. शिधापत्रिकेवरील धान्य तेथील दुकानातही मिळू शकते, हे समजावून सांगावे. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने २०१९ साली कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले. त्याच्या योजनांपर्यंत मजुरास पोहोचविणारा दुवा कार्यकर्ताच होय.

सभासद शेतकरी बंधुभगिनींनी वार्षिक सर्वसाधारण सभेत दर व उतारा विचारताना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: तोडणी मजुरांची नोंद, हिशेब व आरोग्य यांसाठी कारखान्याने यंदा काय केले? सहकाराचा अर्थ भांडवलाची भागीदारी एवढाच नाही. ज्याच्या कोयत्याने गाळप सुरू होते त्याला आपला माणूस मानून त्याची व्यवस्था लावणे, हाही त्या अर्थाचाच भाग आहे आणि ती व्यवस्था लावण्याचा अधिकार सभासदांच्या हाती आहे.