‘हाउ डू यू डू’ : इंग्रजी अभिवादनांचा अर्थविचार

इंग्रजी कादंबरीचे मराठी भाषांतर वाचताना एका ठिकाणी वाचक हमखास अडखळतो. दोन अपरिचितांची ओळख करून दिली जाते. पहिला विचारतो, ‘आपण कसे आहात?’ आणि दुसरा उत्तर न देता तोच प्रश्न त्याला विचारतो. दोघांपैकी कोणालाही उत्तर मिळत नाही आणि त्याचे कोणाला काही वाटतही नाही. भाषांतरकाराचा शब्दार्थ चुकलेला नाही. या वाक्यातील दुसऱ्या ‘डू’चा जुना अर्थ ‘असणे, निभणे’ असाच आहे. चुकले आहे ते वाक्याच्या कार्याचे आकलन. ‘हाउ डू यू डू’ हा रूपाने प्रश्न असला तरी व्यवहारात तो प्रश्न उरलेला नाही.

या प्रकारच्या भाषेचा विचार प्रथम ठळकपणे मांडला तो मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांनी. ऑग्डेन आणि रिचर्ड्‌स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ (1923) या ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात त्यांनी ‘फॅटिक कम्यूनिअन’ ही संज्ञा योजली. ट्रोब्रियांड बेटांवरील समाजाचा अभ्यास करताना त्यांना जाणवले की, माहिती देण्यासाठी नव्हे, तर केवळ सहवासाचा बंध जुळावा म्हणून माणसे पुष्कळ बोलतात. दोन अपरिचितांमधील मौन अस्वस्थ करणारे, कधी भयसूचकही असते. ते मोडणे हेच अशा बोलण्याचे प्रयोजन होय. पुढे 1960 मध्ये याकोबसन यांनी भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांत या संपर्कसाधक कार्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

इंग्रजी शिष्टाचार दांभिक आहेत, ‘हाउ आर यू’ म्हणणाऱ्याला आपल्या प्रकृतीशी काही देणेघेणे नसते, ही तक्रार आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. तिचा परामर्श सर्ल यांच्या ‘स्पीच ॲक्ट्स’ (1969) या ग्रंथाच्या आधारे घेता येतो. वचन देणाऱ्याच्या मनात ते पाळण्याचा हेतू असावा लागतो. आभार मानणाऱ्याच्या मनात कृतज्ञता. अभिवादनाला मात्र सर्ल अशी कोणतीही प्रामाणिकतेची अट लावत नाहीत. त्यात विधेय आशयच नसतो. समोरच्या व्यक्तीची सौजन्यपूर्वक दखल घेतली, एवढेच त्याने सिद्ध होते. जेथे कसलेच विधान नाही, तेथे असत्याचा आरोप टिकत नाही. तथापि ‘हाउ आर यू’ची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण त्यातला प्रश्न अजून पुरता मेलेला नाही. हार्वी सॅक्स यांनी 1975 च्या एका निबंधात दाखविले की, ‘बरे नाही’ असे उत्तर दिले की ‘का, काय झाले?’ हे ओघाने येते आणि ती कथा ज्याला-त्याला सांगता येत नाही. म्हणून ‘फाइन’ म्हणावे लागते. येथे खोटे बोलणे हा स्वभावदोष नसून संभाषणाच्या रचनेनेच माणसावर लादलेला भाग आहे.

या संकेतांचे सामाजिक मोल किती मोठे असते, हे शॉच्या ‘पिग्मॅलियन’च्या तिसऱ्या अंकात दिसते. लंडनमध्ये 1914 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात फुले विकणारी एलायझा उच्चभ्रू स्त्रियांच्या बैठकीत येते. हवापाणी आणि प्रकृती या दोनच विषयांवर बोलायचे, अशी ताकीद हिगिन्सने तिला दिलेली आहे. तिचा ‘हाउ डू यू डू’ निर्दोष ठरतो. पण पाऊस येईल का, असे विचारताच ती हवामानखात्याला शोभेल असा अंदाज सांगते आणि इन्फ्लुएंझाचा विषय निघताच आपल्या मावशीच्या संशयास्पद मृत्यूची हकीकत सुरू करते. उच्चार साधला, परंतु हे प्रश्न उत्तरासाठी नसतात, हे तिला कोणी शिकविलेले नाही. हसू येते ते या विसंगतीमुळे. माझ्या मते मात्र या प्रसंगात शॉ एलायझाला जितका हसतो, त्याहून अधिक त्या बैठकीला हसतो, कारण तेथे काही सांगण्यासारखे बोलणारी ती एकटीच आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’त या नाटकाचे रूपांतर केले. रूपांतरकाराला मराठी समाजातील संकेत योजण्याची मोकळीक असते. भाषांतरकाराला ती नसते.

अभिवादनांचा मूळ अर्थ पाहू गेल्यास बहुतेक ठिकाणी प्रार्थना आढळते. ‘गुड मॉर्निंग’ हे सकाळचे वर्णन नव्हे. ‘ईश्वर तुम्हांस चांगली सकाळ देवो’ या इच्छावाक्याचा तो अवशेष आहे. म्हणूनच मुसळधार पावसातही ते म्हणता येते. ‘गुडबाय’ तर ‘ईश्वर तुमच्यासमवेत असो’ या वाक्याचा संक्षेप. ‘गुड डे’सारख्या रूपांच्या प्रभावाने त्यातील ‘गॉड’चा ‘गुड’ झाला. निरीश्वरवादी मनुष्यही तो निःशंकपणे उच्चारतो. ‘हॅलो’ मात्र या परंपरेतला नाही. तो हाक मारण्याचा शब्द. टेलिफोनवर संभाषण सुरू करण्यासाठी 1877 मध्ये एडिसनने तो सुचविला. बेलची पसंती ‘अहॉय’ या नाविकांच्या आरोळीला होती.

‘गुड मॉर्निंग’साठी ‘सुप्रभात’ हा शब्द आपण घडविला, पण घरगुती बोलण्यात तो फारसा रुळला नाही. आपला ‘नमस्कार’ प्रहर पाहत नाही. ‘गुडबाय’च्या जागी मराठी पात्राच्या तोंडी ‘येतो’ हे सहज शोभते. परंतु लंडनच्या दिवाणखान्यातून कायमचा निघून जाणारा नायक ‘येतो’ म्हणाला, तर मराठी वाचक तो परत येण्याची वाट पाहू लागेल.