इनाम मोठं की गदा?

यात्रेच्या फडाभोवती हा वाद हमखास निघतो. ‘आताचे पैलवान पैशासाठी खेळतात, जुने नावासाठी खेळायचे.’ सातारा-सांगलीकडं तर या बोलण्याला कुणी हरकतही घेत नाही. घ्यायला हवी, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायलाच पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी निघाली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, कर्ज राहिलं. ते खाशाबांनी कुस्त्या मारून, इनामाच्या पैशांतून फेडलं. निव्वळ नावासाठी लढण्याचा दाखला म्हणून ज्यांचं नाव घेतात, तेही इनामावर लढले. त्यात कमीपणा कसला? १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

दुसरा समज असा, की महाराष्ट्र केसरी झाला म्हणजे पैलवानाची ददात मिटली. एप्रिल २०२२ मध्ये ही स्पर्धा साताऱ्यातच झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला हरवून चांदीची गदा खांद्यावर घेतली आणि रोख बक्षीस काहीच मिळालं नसल्याचं जाहीर सांगितलं. मग ओरड झाली. पुढच्या वर्षी पुण्यात शिवराज राक्षेला गदेबरोबर ५ लाख रुपये आणि थार गाडी मिळाली. एका वर्षात एवढा फरक!

राहता राहिलं यात्रेचं मैदान. पत्रकावर लाखाचा आकडा दिसतो आणि लोकांना वाटतं, पैलवान मालामाल. पोरांच्या कुस्त्या रेवड्या-नारळावर लागतात, दिवस कलेल तसं इनाम चढत जातं, हलगी कडाडते आणि शेवटी एक नंबरची जोड आत येते. पण पत्रकावरचा आकडा असतो निकाली कुस्तीचा. तासभर खडाखडी होऊन बरोबरीत सोडवली, की बऱ्याच ठिकाणी रक्कम निम्म्यावर येते. पावसाळ्यात मैदानं बंद. खुराक मात्र बंद होत नाही. दूध, तूप, बदाम, मटण रोजचंच. त्यात गुडघा गेला तर हंगाम गेला, आणि दवाखाना बापाच्या ऊसबिलातून भागवायचा.

म्हणजे सगळं पैशासाठीच? तसंही नाही. कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य मिळवलं. तिथं इनाम नव्हतं. आंदळकर त्याआधी १९६० साली हिंदकेसरी झाले होते, माने १९६४ साली झाले. पण नावापुढं ‘केसरी’ लागलं की कमिटी जोडीचं इनामही वाढवते, हे कुठल्याही वस्तादाला विचारा. नाव आणि पैसा एकाच लंगोटात बांधलेले आहेत; वेगळे काढायचा हट्ट फडाबाहेर बसलेल्यांचाच.

तेव्हा यात्रा कमिट्यांना एवढंच सांगणं: पैलवानाला नावाची थोरवी ऐकवण्याआधी पत्रकावर छापलेलं इनाम त्याच दिवशी, फडावरच, रोख मोजून द्या.